शब्द नसलेलं संगीत रात्रभर लागतं, यात काही चूक आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४६, शाळेत शिक्षिका. आईला जाऊन सात महिने झाले. शेवटची दोन वर्षं आई त्यांच्याकडेच होती; रात्री ती खोकली तरी यांना जाग यायची. आता झोप लागत नाही, लागली तर तीनच्या सुमारास मोडते. मुलीने मोबाईलवर अँबियंट संगीत लावून दिलं. नुसते लांबत जाणारे सूर, शब्द नाहीत, ताल नाही. ते सुरू झालं की छातीवरचं ओझं हलकं होतं आणि झोपही लागते. आवडीची जुनी गाणी मात्र दोन ओळींपुढे ऐकवत नाहीत. यजमान म्हणतात, हे व्यसन आहे. नणंद म्हणते, त्यापेक्षा नामस्मरण लाव. त्या विचारतात: ज्या गाण्यांवर जीव होता त्यांनी रडू येतं आणि या अनोळखी आवाजाने बरं वाटतं, असं का? आणि ही सवय वाईट आहे का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. तुम्ही करताय त्यात वाईट काही नाही. दोन-चार बारीकसारीक गोष्टी सुधारायला हव्यात, त्या सांगतेच. पण तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. आई खोकली तरी तुम्हाला जाग यायची.

मी गेली २८ वर्षं मिरजेत गाणं शिकवते. त्यातली १४ वर्षं आठवड्यातून दोन दुपारी गंभीर आजारी माणसांच्या वॉर्डात तंबोरा घेऊन बसते. मी डॉक्टर नव्हे. जे सांगते ते खाटेशेजारी बसून पाहिलेलं आणि त्यावर जमेल तसं वाचलेलं.

सुरुवातीला मी तिथे गायचे. अभंग, भावगीतं, कुणी सांगितलं तर नाट्यपद. पहिल्याच वर्षी एक आजी होत्या, सत्तरीच्या, पोटाचा कॅन्सर. मुलीने सांगितलं की आईला भैरवी फार आवडते. मी भैरवीतलं एक पद धरलं आणि दुसऱ्या ओळीला आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, मी कुठे तरी कमी पडतेय, म्हणून आणखी जीव ओतून गायले. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. पुढच्या खेपेला आजींनी हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, ‘बाई, ते खालचं नुसतं वाजवा की. गाणं नको. गाणं म्हटलं की ऐकावं लागतंय.’

तेव्हापासून मी त्यांच्याकडे नुसता तंबोरा छेडत बसायचे. तासभर कधी, कधी वीस मिनिटं. त्यांनी पुन्हा गाणं मागितलं नाही.

‘ऐकावं लागतंय’ म्हणजे काय ते बघा. गाणं आपल्याकडून काही तरी मागतं. शब्द आले की अर्थ लावावा लागतो. ख्याल ऐकणारा माणूस समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत असतो. मुखडा आला की अंग सावरतं, सम पडली की मान हलते. भावगीतातही अंतरा संपत आला की मन ध्रुवपदाकडे आधीच जाऊन उभं राहतं. गाण्याची सगळी गोडी या वाट बघण्यात असते. पण वाट बघायलाही अंगात त्राण लागतं. दोन वर्षं शुश्रूषा केलेल्या आणि सात महिने नीट न झोपलेल्या बाईकडे ते कुठून यायचं? तुमच्या मुलीने लावून दिलेल्या संगीतात सम नसते. कुठूनही ऐकायला लागा, मधेच डोळा लागू दे, काही चुकत नाही, काही निसटत नाही.

आणि त्या जुन्या गाण्यांत तुमची आई आहे. कणीक मळताना गुणगुणणारी, सकाळी रेडिओ लावणारी. गाणं सुरू झालं की दोन ओळींत ती समोर येऊन उभी राहते. ते रडू यायलाच हवं. फक्त रात्री अकराला, थकलेल्या अंगाने, रोजच्या रोज यायला नको. अनोळखी सुरांशी तुमची कसलीच आठवण बांधलेली नाही, म्हणून तिथे जीवाला टेकायला जागा मिळते.

आता त्या खोकल्याकडे येते. झोपेतही कान मेंदूला खबर देत राहतो. म्हणून घरासमोरून ट्रक गेला तरी न उठणारी आई बाळ जरा कुरकुरलं की उठते. तुमचा कान दोन वर्षं एका खोकल्यावर लावलेला होता. आई गेली हे तुम्हाला कळलंय, पण कानाची सवय अशी एका दिवसात उतरत नाही. तो अजून पहाऱ्यावर आहे. घरात शांतता पसरली की तो आणखी टवकारतो, कारण त्याच्या हिशेबाने शांतता म्हणजे काही तरी बिनसलंय. तीनला जाग येते म्हणता, तर जरा आठवून बघा: आईला औषधासाठी किंवा बाथरूमला न्यायला उठवायची वेळ हीच होती का? वॉर्डात रुग्णांजवळ राहणाऱ्या लेकी-सुनांना मी हाच प्रश्न विचारते, आणि बहुतेक जणी क्षणभर गप्प होऊन मग मान हलवतात.

अशा कानाला एखादा सलग, मंद आवाज दिला की दोन गोष्टी होतात. एक तर बारीकसारीक खुटखुट त्या आवाजाखाली झाकली जाते. दुसरं, आवाज मोठा असेल आणि एका झटक्यात उगवला तर आपण दचकतो; या संगीतातले सूर काही सेकंद घेत हळूच वर येतात आणि तसेच विरतात, त्यामुळे दचकायला कारणच उरत नाही. याची खूण तुम्हाला घरातच सापडेल. उन्हाळ्यात रात्री लाईट गेली आणि पंखा थांबला की जाग येते. उकाडा नंतर जाणवतो, आधी जाग येते ती आवाज थांबल्यामुळे.

श्वासाचंही आहे. लांब सुरांच्या सोबतीने पडून राहिलं की बऱ्याच जणांचा श्वास आपोआप लांबतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना मंदावतात. सोडणं लांबलं की शरीर निवू लागतं. आजींच्या बाबतीत मी ते त्यांच्या खांद्यावरून ओळखायचे. दहाएक मिनिटांनी कानाशी चढलेला खांदा उशीवर उतरायचा.

या संगीताचा उगमही आजारपणातला आहे, हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली. ‘अँबियंट’ हे नाव रूढ केलं ब्रायन इनो या इंग्रज संगीतकाराने, १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेमुळे. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १९७५मध्ये, त्याला टॅक्सीने धडक दिली होती आणि तो घरी अंथरुणाला खिळून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची एक जुन्या संगीताची तबकडी आणली होती; ती गेल्यावर त्याने ती कशीबशी लावली. आवाज फारच बारीक होता, दोनपैकी एक स्पीकर बंद होता, आणि उठून वाढवायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पावसात मिसळून हार्पचे अधलेमधले सूर तेवढे ऐकू येत होते. संगीत असंही ऐकता येतं, खोलीतल्या उजेडासारखं, हे त्याला तिथे पडल्यापडल्या उमगलं. त्याच वर्षी त्याची ‘डिस्क्रीट म्युझिक’ आली. एक पडून असलेला माणूस, बारीक आवाज आणि पाऊस, एवढ्यावर हा सगळा प्रकार उभा आहे.

आपल्याकडून तिकडे गेलेला एक धागाही आहे आणि मिरजेची असल्यामुळे तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७मध्ये गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. त्याच घराण्यातल्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७०मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली हे तिकडचे नावाजलेले संगीतकार त्यांचे रीतसर गंडा बांधलेल्या शिष्यांसारखे झाले, तंबोरा लावायला शिकले. प्राणनाथांच्या नुसत्या तंबोऱ्यांची एक ध्वनिमुद्रिकाच आहे, गाणं नाही, फक्त तंबोरे. इनोने कॉलेजच्या दिवसांत यंगची एक रचना सादर केली होती. तेव्हा तुमच्या मोबाईलवर जे वाजतं ते अगदीच परकं नाही. आजींनी मागितलेलं ‘ते खालचं’ आणि मुलीने लावून दिलेलं ते संगीत यांच्यात फार दूरचं नातं नाही.

तंबोऱ्याबद्दल थोडं जवळून सांगते, कारण कान निवण्याची किमया तिथे डोळ्यांनी बघता येते. माझा तंबोरा इथल्या सतारमेकर गल्लीतला. चार तारा: पंचम म्हणजे प, मग जोड म्हणजे षड्जाच्या (सा) दोन, आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा सा. तार ज्या घोडीवर टेकते तिथे तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढे-मागे केला की आवाज एकदम बदलतो. आधी तार नुसती टणकन वाजते आणि विझते. दोरा नेमक्या जागी आला की तीच तार उमलते, गुंजत राहते. त्याला आम्ही जवारी लागली म्हणतो. चांगली जवारी लागलेल्या तंबोऱ्यात थोड्या वेळाने एक गंधार, म्हणजे ग, ऐकू यायला लागतो. तो कोणत्याच तारेत लावलेला नसतो. खर्जाच्या तारेच्या पोटात तो असतोच, इतर सूर जुळले की वर येतो. वॉर्डात मी एखाद्याला सांगते, ‘एक सूर असा आहे जो मी वाजवत नाहीये, तो सापडतो का बघा.’ शोध म्हणावा इतका तो जड नसतो. मन दुखण्यावरून हळूच त्या गंधाराकडे सरकतं आणि तिथे बसून राहतं.

तुमच्या नणंदेचं म्हणणंही मी मोडीत काढणार नाही. नामस्मरणाने अनेकांना हेच मिळतं. पण ते नाम तुमच्या आईच्या तोंडचं असेल, देवघरात रोज ऐकलेलं, तर सध्या ते जुन्या गाण्यांसारखंच लागेल. थोडे महिने जाऊ देत. आणि आपल्या परंपरेतच एक असा आवाज आहे ज्यात शब्दांपेक्षा सोबत मोठी असते. मी लहानपणी मामाच्या गावी सप्ताहाला जायचे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस कुणी ना कुणी ती गळ्यात घेऊन उभा असतो, त्याला पहारा म्हणतात. पहारा बदलताना पुढचा माणूस समोर येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, तिला जमीन लागू देत नाहीत. रात्री दोन-तीनला मामाच्या ओसरीवर जाग आली की देवळातून तो एकसुरी झंकार यायचा. भजनी मंडळी झोपलेली, टाळ थांबलेले, तेवढी एक तार. मला अंधाराची भीती वाटायची, पण त्या सात रात्री कधी वाटली नाही. कुणी तरी जागं आहे, म्हणून मी झोपले तरी चालेल, एवढंच तेव्हा कळायचं.

ताई, तुमच्या घरात दोन वर्षं तो पहारा तुमच्याकडे होता. तो तुमच्याकडून कुणी घेतलाच नाही. रात्री तो आवाज सुरू झाला की छातीवरचं ओझं हलकं होतं असं तुम्ही लिहिलंय, त्याचा मी लावते तो अर्थ हा.

शास्त्रात काय दिसतं तेही सांगते, कारण यजमानांना ते ऐकायला आवडेल. निद्रानाशासाठी संगीत ऐकण्यावरच्या चाचण्यांचा एक मोठा आढावा २०२२मध्ये कॉक्रेन या संस्थेने काढला. तेरा चाचण्या, हजारच्या आसपास माणसं. रोज झोपताना संगीत ऐकणाऱ्यांनी आपली झोप सुधारल्याचं सांगितलं. हे माणसांनी स्वतः सांगितलेलं आहे, यंत्राने मोजलेल्या झोपेबद्दल इतकं ठाम बोलता येत नाही. दुसरा एक प्रयोग मला जास्त आवडतो. इटलीत लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं आणि मधे दोन मिनिटांची शांतता ठेवली. २००६मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त शांत शरीर त्या मधल्या शांततेत झालं, ऐकायला बसण्याआधी होतं त्याहूनही शांत. म्हणजे सुरानंतर येणारी शांतता आणि नुसतीच अंगावर आलेली शांतता, या शरीराच्या लेखी वेगळ्या आहेत. तुम्हाला आज जी शांतता सोसवत नाही, तिच्याकडे जायची वाट याच आवाजातून असेल असं मला वाटतं.

एका गोष्टीपासून मात्र जपा. शोधायला गेलात की ‘४३२ हर्ट्झ’, ‘पेशी दुरुस्त करणारी फ्रिक्वेन्सी’ अशा नावांचे ढीग समोर येतील. अमुक आकड्याचा सूर आजार बरा करतो याला मला तरी आधार सापडलेला नाही. आपल्याकडे षड्ज कधीच एका आकड्याला बांधलेला नव्हता. कुणाचा सा पेटीच्या काळी एकवर, कुणाचा काळी चारवर, ज्याचा त्याचा गळा. आवाज आवडला तर आकडा न बघता ऐका, आणि त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता सुधारायचं ते. इअरफोन घालून झोपू नका. कान दुखतात, मळ आत ढकलला जातो. फोन किंवा लहानसा स्पीकर खाटेपासून हातभर लांब ठेवा. आवाज इतका की त्यातून पंख्याचा आवाज सहज ऐकू यावा. तुमचा आवाज बहुधा जास्त असतो असं मी धरून चालते, कारण सुरुवातीला सगळ्यांचाच असतो. यूट्यूबवर थेट लावू नका, मधेच जाहिरात लागली की झालेलं सगळं वाया जातं. डाउनलोड करून घ्या. रात्रभर चालू ठेवण्याऐवजी पाऊण तासाने आवाज हळूहळू उतरत बंद होईल असा टायमर लावा. एकदम तुटणारा नको, पंख्याचं सांगितलं तेच होईल. तीनला जाग आली तर पुन्हा लावा, त्यात काही हरलं असं समजू नका. त्या वेळी फोनमध्ये घड्याळ आणि व्हॉट्सॲप मात्र बघू नका.

काय ऐकावं? इनोच्या वर सांगितलेल्या दोन्ही ध्वनिमुद्रिका. जपानचे हिरोशी योशिमुरा यांची १९८२ची ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’, पियानोसारख्या थेंबांची, फार हळवी आहे. मॅक्स रिक्टरची २०१५ची ‘स्लीप’ साडेआठ तासांची आहे आणि झोपेसाठीच रचलेली आहे, पण तिच्यात काही जागा डोळ्यांत पाणी आणतील अशा आहेत. तुम्ही ती आत्ता घेऊ नका. पावसाचा आवाज चालेल. मधे गडगडाट नसलेला निवडा.

व्यसनाचं म्हणाल तर यजमानांना एवढंच विचारायला सांगा: आवाज दर आठवड्याला वाढवावा लागतोय का, ऐकण्यापायी दिवसाची कामं, माणसं टाळली जातायत का, आणि एखादी रात्र पाहुण्यांकडे त्याशिवाय काढता येते का. तुमच्या लिहिण्यावरून पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आहे. तिसऱ्यासाठी आठवड्यातून एक रात्र आवाज नेहमीपेक्षा निम्मा ठेवून बघा.

एक मात्र मनावर घ्या. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप मोडते आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललंय, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, संगीताने बरं वाटत असलं तरी. आईच्या मागे जावंसं वाटणं, जेवण तुटणं, शाळेत उभं राहवेनासं होणं, यातलं काही असेल तर थांबू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

जुन्या गाण्यांची घाई करू नका. वाटेल तेव्हा दिवसा, उजेडी, मुलीला शेजारी बसवून आईचं एकच गाणं लावा. रडू आलं तर येऊ द्या, गाणं मधे बंद करावंसं वाटलं तर करा. त्या रात्री मात्र तुमचा नेहमीचा आवाज लावून झोपा.

माझ्याकडे माझ्या गुरुजींच्या तंबोऱ्याचं ५० मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे. पुरुषी तंबोरा, काळी एकमध्ये लावलेला, त्यामुळे खर्ज चांगला खोल आहे. शेवटची पाच मिनिटं मी हात हलका करत नेलाय, आवाज तुटत नाही, नुसता विरतो. तुमच्यासारख्या बऱ्याच जणींना दिलंय. हवं असेल तर कळवा, पाठवते.